रोड टू ग्लोरीत दुसऱ्याच सीझनला कंटाळा का येतो, आणि डायनॅस्टीत मित्रांना कसं घालायचं

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू पर्ड्यूला एमएस करतोयस आणि रूममेटच्या एक्सबॉक्सवर 'कॉलेज फुटबॉल २५' हा ईए कंपनीचा अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा गेम खेळतोयस. रोड टू ग्लोरीत, म्हणजे एकाच खेळाडूचं करिअर खेळायच्या मोडमध्ये, स्वतःच्या नावाचा पाच स्टारवाला (सर्वात वरच्या दर्जाचा) ड्युअल थ्रेट (फेकणारा आणि धावणाराही) क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, केलास, पहिल्या वर्षी वाटेत येईल ते जिंकलास आणि दुसऱ्या सीझनच्या मध्यावर कंट्रोलर खाली ठेवलास. शिवाय चार मित्रांना डायनॅस्टीत, म्हणजे अख्खी टीम वर्षानुवर्षं चालवायच्या मोडमध्ये, पर्ड्यूच्या टीममध्ये घालायचंय, पण गेम खऱ्या खेळाडूंची नावं बदलूच देत नाही. यावर तू विचारलंस, 'सगळ्यात भारी बिल्ड (खेळाडूची घडण) कोणतं आणि नावांचं कुलूप कसं उघडायचं?'

एमएस करतोयस म्हणजे वयाने लहानच असशील, म्हणून अरेतुरे करतो. मी बऱ्याच वर्षांपासून मित्रमंडळींच्या ऑनलाइन डायनॅस्टीचा कमिशनर, म्हणजे नियम आणि सेटिंग सांभाळणारा, आहे. नवीन आलेला जवळपास प्रत्येक जण हे दोन प्रश्न विचारतो. माझ्या मते तुझी अडचण भारी बिल्ड न सापडण्याची नाहीच. भारी बिल्ड तुला पहिल्याच फटक्यात सापडलं, आणि त्यानेच गेम संपवला. करिअर मोडमध्ये खेळाडू घडवताना त्याला काय जमणार नाही हे आधी ठरवायचं असतं. बाकीचं नंतर जुळतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासून घे: डिफिकल्टी. फ्रेशमन, व्हर्सिटी, ऑल-अमेरिकन आणि हाइझमन अशा चार पायऱ्या आहेत. तू व्हर्सिटीवर असशील, तर खेळाडूला हात लावण्याआधी ऑल-अमेरिकनवर जा आणि चार-पाच सामने खेळून बघ. व्हर्सिटीवर वेगवान क्वार्टरबॅकने पॉकेट (आपल्या लाइनमननी त्याच्याभोवती धरलेलं कडं) सोडून उजवीकडे पळ काढला की बचाव फळी त्याच्याकडे नुसती बघत राहते. ऑल-अमेरिकनवर तीच पळापळ सॅकमध्ये, म्हणजे फेकण्याआधीच पाडलं जाण्यात, संपू लागते. काही जणांचा कंटाळा एवढ्यानेच जातो, त्यांना पुढचं वाचायची गरजही नसते. हाइझमनवर लगेच जाऊ नकोस. तिथे कॉम्प्युटरला मिळणाऱ्या सवलती इतक्या असतात की चूक आपली झाली की त्याची मेहेरबानी झाली, हेच कळेनासं होतं.

आता बिल्डकडे येऊ. रोड टू ग्लोरीत सुरुवातीला स्टार निवडतोस तेव्हा तू ताकद निवडतोस असं वाटतं, पण खरं तर तू गोष्टीची सुरुवात कुठून करायची ते निवडत असतोस. पाच स्टारवाल्यासाठी मोठ्या कॉलेजांची दारं उघडी असतात आणि सुरुवातीची टीममधली जागा जवळपास ठरलेली असते. मग कोचचा विश्वास कमवायचा, पोझिशनसाठी झगडायचं, बाकावर बसून वाट पाहायची, हा निम्मा मोड तुझ्या वाट्याला येतच नाही. या मोडमध्ये कोचचा विश्वास हेच खरं चलन आहे. तो वाढला की प्ले (चाल) बदलण्याची, ऑडिबल (ऐनवेळी दुसरी चाल) देण्याची मोकळीक मिळते. सगळं आधीच हातात असेल तर आठवड्याला मिळणारी एनर्जी अभ्यासावर खर्च कर की सरावावर, फरक काही पडत नाही. तोच खेळाडू तीन स्टारचा किंवा अंडरडॉग म्हणजे दोन स्टारचा केलास, की शुक्रवारी रात्री 'जीपीए सांभाळू की सराव करू' यावर खरोखर डोकं खाजवावं लागतं. पर्ड्यूत एमएस करणाऱ्याला ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.

२०२५ मध्ये आलेली पुढची आवृत्ती, 'कॉलेज फुटबॉल २६', घेतलीस तर तिथे हायस्कूलचे सामनेही परत आले आहेत आणि तिथल्या खेळावरून स्टार वर जातात. त्यामुळे त्या आवृत्तीत खालून सुरुवात करणं आणखी रंगतं.

स्टारनंतर आर्केटाइप, म्हणजे खेळाडूचा साचा. क्वार्टरबॅकचे चार आहेत: पॉकेट पासर (पॉकेटमध्ये उभा राहून फेकणारा), बॅकफिल्ड क्रिएटर (पळता पळता फेकणारा), ड्युअल थ्रेट आणि प्युअर रनर (मुख्यतः धावणारा). लोक याकडे नुसतं लेबल म्हणून बघतात. प्रत्यक्षात यावर दोन गोष्टी ठरतात: कोणत्या शारीरिक क्षमता तुला मिळू शकतात, आणि कौशल्याच्या कोणत्या गटात पॉइंट टाकणं परवडतं. क्षमता ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्यांनी उघडतात. पॉकेट पासरला मिळणाऱ्या गोष्टी प्युअर रनरला मिळत नाहीत, आणि उलटही. म्हणून 'सगळंच जमणारा' खेळाडू करायच्या नादात पॉइंट सगळीकडे शिंपडले की चौथ्या वर्षीही कोणतीच क्षमता वरच्या पायरीवर नसते. स्क्रीनवरचा ओव्हरऑल आकडा तेवढा छान दिसतो. तो आकडा पोझिशननुसार वेगवेगळ्या रेटिंगना वजन देऊन काढलेला असतो. तुझ्या खेळण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंध असतोच असं नाही. मी तर ओव्हरऑलकडे जवळजवळ बघतच नाही.

आता मी तुझ्या जागी काय केलं असतं ते सांगतो. तू पर्ड्यूत आहेस, म्हणजे उदाहरण तुझ्या कॅम्पसवरच आहे. पर्ड्यूला 'क्रेडल ऑफ क्वार्टरबॅक्स' म्हणतात. लेन डॉसन, बॉब ग्रीसी आणि ड्रू ब्रीझ तिथलेच. ब्रीझची अधिकृत उंची ६ फूट, क्वार्टरबॅकच्या मानाने कमीच. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २००१ च्या ड्राफ्टमध्ये (टीम फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात तिथे) तो दुसऱ्या फेरीपर्यंत खाली घसरला, त्यात उंचीचा मोठा वाटा होता. पण २००० च्या सीझनमध्ये त्यानेच पर्ड्यूला रोझ बोल या सीझनअखेरच्या मोठ्या सामन्यापर्यंत नेलं होतं. अचूकता, वेळेचं भान आणि पॉकेटमध्ये पाय हलवत राहण्याची सवय यांवर तो खेळला.

तर तसा एक खेळाडू कर. उंची ६ फूट किंवा एखादा इंच कमी, तीन स्टार, पॉकेट पासर. पॉइंट मिळतील तसे पहिली दोन वर्षं अचूकता आणि समज यांच्या गटांत टाक. वेगाच्या गटाला अजिबात हात लावू नकोस, आणि फेकीची ताकद जेमतेम ठेव. ताकद कमी ठेवायचं कारण असं की, ती भरपूर असली की चूक झाकली जाते. रिसीव्हर (फेक झेलणारा) मोकळा झाल्यावर उशिराने फेकलेला चेंडूही पोचतो. ताकद कमी असेल तर रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटायला लागतो, नाहीतर मध्ये कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा देणारा बचावपटू) येतो. मग तू आपोआप बचाव वाचायला शिकतोस: सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) एक आहे की दोन, लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) ब्लिट्झला, म्हणजे थेट तुझ्या अंगावर, आलाय की मागे सरकलाय. रोड टू ग्लोरीत क्वार्टरबॅक असण्याची मजा तिथे आहे. पाच स्टारवाल्या तुझ्या त्या खेळाडूला हे बघायची वेळच आली नाही.

उंचीबद्दल एक गोष्ट. खऱ्या मैदानात बुटक्या क्वार्टरबॅकला समोरच्या धिप्पाड लाइनमनच्या डोक्यावरून दिसत नाही. गेममध्ये कॅमेरा मागे आणि वर असतो, त्यामुळे तुला सगळं दिसतं. म्हणून स्वतःची खरी उंची घालायला लाजू नकोस. ब्राइस यंगने अलाबामाकडून २०२१ ची आणि कायलर मरीने ओक्लाहोमाकडून २०१८ ची हाइझमन ट्रॉफी (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) जिंकली, आणि ड्राफ्टआधीच्या मोजणीत दोघंही ५ फूट १० इंचांच्या आसपास भरले. रिसीव्हर करणार असशील तर मात्र उंचीचा विचार वेगळा, कारण तिथे हवेतल्या चेंडूसाठी झोंबाझोंबी असते.

धावणारा क्वार्टरबॅकच हवा असेल तरी हरकत नाही, फक्त त्यालाही एक बाजू लंगडी ठेव. आणि त्याआधी कॉलेजचं प्लेबुक (टीमच्या चालींचा संच) बघ. हे लोक विसरतात. रोड टू ग्लोरीत तू प्रशिक्षकाच्या पद्धतीने खेळतोस, आपल्या नाही. पन्नास फेकी करणाऱ्या टीममध्ये प्युअर रनर गेला की तोही वैतागतो आणि आपणही. त्याला आर्मी किंवा नेव्ही या लष्करी अकादमींच्या टीममध्ये पाठव. तिथली परंपराच ऑप्शन खेळण्याची, म्हणजे स्नॅपनंतर (चेंडू हातात आल्यावर) तो दुसऱ्याला द्यायचा की स्वतः पळायचं हे समोरच्या बचावपटूकडे बघून ठरवायचं. नेव्हीच्या कीनन रेनॉल्ड्सने २०१२ ते २०१५ या काळात धावून ८८ टचडाउन केले, आणि तोही क्वार्टरबॅकच होता. असा खेळाडू केलास तर अचूकतेत पॉइंट टाकायचेच नाहीत असं स्वतःशी ठरव. तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) १२ यार्ड हवे असतील तेव्हा घाम फुटला पाहिजे. आणि वेअर अँड टेअर विसरू नकोस. या गेममध्ये शरीरावर बसलेले फटके साठत जातात आणि रेटिंग खाली येतात. दर सामन्याला पंचवीस वेळा धावणाऱ्याला नोव्हेंबरमध्ये त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून बाउंड्रीबाहेर जायला किंवा स्लाइड करायला शीक.

मानसिक क्षमतांचाही एक शब्द. बाहेरच्या मैदानावर गर्दीचा आवाज चढला की स्क्रीन थरथरते आणि स्नॅपआधी दिसणाऱ्या रूटच्या (रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटांच्या) रेषा वेड्यावाकड्या होतात. नवख्या खेळाडूला याचा त्रास जास्त. ईएने २५ साठी अवघड मैदानांची यादी काढली, त्यात टेक्सस ए अँड एमचं काइल फील्ड पहिलं आणि ओहायो स्टेटचं मैदान चौथं होतं. पर्ड्यूही ओहायो स्टेटच्याच बिग टेन या गटात असल्यामुळे तिथे जाण्याची वेळ तुझ्यावर येऊ शकते. म्हणून रोड डॉगसारखी (बाहेरच्या मैदानांसाठीची) क्षमता मिळत असेल तर ती कागदावर दिसते त्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

थोडक्यात, रोड टू ग्लोरीसाठी: डिफिकल्टी वाढव, स्टार कमी कर, प्लेबुक बघून कॉलेज निवड आणि एक उणीव ठरवून ती चारही वर्षं पाळ.

आता डायनॅस्टी आणि नावांचं कुलूप. ते उघडत नाही, आणि त्यामागे मोठं कारण आहे. पूर्वीच्या गेममध्ये खेळाडूंची नावं नसायची, पण नंबर, उंची, रंगरूप, गावसुद्धा खऱ्या खेळाडूचंच असायचं आणि त्याला एक पैसा मिळत नसे. यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने २००९ मध्ये यावरून खटला भरला. जुलै २०१३ मध्ये आलेल्या 'एनसीएए फुटबॉल १४'नंतर ही मालिकाच बंद पडली. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-चेहऱ्यावर कमाई करायची परवानगी मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये गेम परत आला तेव्हा सामील होणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देण्यात आली. दहा हजारांहून जास्त जणांनी होकार दिला. म्हणजे गेममधला खरा क्वार्टरबॅक करारावर सही करून तिथे उभा आहे. त्याचं नाव पुसून तिथे तुझ्या मित्राचं नाव घालायला गेम का देईल? जे खेळाडू सामील झाले नाहीत त्यांना हाताने तयार करण्यावरही बंधन आहे. खऱ्या खेळाडूंचं हेल्मेट, व्हायझर, बाह्या असले साहित्य बदलता येतं, तेवढ्यावर समाधान मान.

उपाय सोपा आहे: खऱ्या खेळाडूंच्या वाटेला जाऊच नकोस. डायनॅस्टीत दरवर्षी येणारे रिक्रूट (नव्याने भरती होणारे खेळाडू) गेमनेच तयार केलेले असतात, त्यांच्यामागे कोणताही करार नाही. बदल तिथेच करायचे. ऑनलाइन डायनॅस्टी असेल तर कोणाला किती बदल करता येतील हे कमिशनरच्या सेटिंगवर अवलंबून असतं, त्यामुळे आधी त्याच्याशी बोल. ऑफलाइन असेल तर बदल करण्याआधी वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेव. नंतर 'जरा जास्तच झालं' असं वाटलं तर परत फिरता येतं.

इथे बहुतेक लोक एक गोष्ट उलट्या क्रमाने करतात. आधी मित्राचं नाव टाकतात, मग रेटिंग चढवत बसतात. मी रिक्रूटिंगच्या याद्या चाळून मित्राला शोभेल असा पोरगा आधी हुडकतो, त्याला मेहनतीने टीममध्ये आणतो, आणि आल्यावर फक्त नाव आणि चेहरा बदलतो. रेटिंग त्याची त्याला. मग त्याच्या कौशल्याच्या गटांवरच्या मर्यादाही त्याच्याच राहतात, म्हणजे कोणत्या गटात तो अमुक एका टप्प्यापुढे जाणार नाही हे आधीच ठरलेलं असतं. मित्र चिडवतात, 'माझा वेग का वाढत नाही?' आणि त्यातूनच पुढच्या सीझनची गोष्ट तयार होते. डेव्हलपमेंट ट्रेट (खेळाडू किती वेगाने सुधारतो ते ठरवणारा गुण) चार प्रकारचे असतात: नॉर्मल, इम्पॅक्ट, स्टार आणि एलिट. चौघांनाही एलिट केलंस तर लग्नाच्या पंगतीत नुसतं श्रीखंडच वाढल्यासारखं होईल. माझा नियम असा की चौघांत एकच स्टार, तोही चिठ्ठी टाकून ठरवायचा. बाकीचे नॉर्मल किंवा इम्पॅक्ट.

शक्य असेल तर चौघांना पहिल्या वर्षी रेडशर्ट कर, म्हणजे खेळण्याच्या वर्षांतलं एक न वापरता बाकावर ठेव. चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी वर्ष वाया जात नाही, हा खऱ्या फुटबॉलमधला २०१८ पासूनचा नियम गेममध्येही आहे. वर्षभर बाकावर बसलेला मित्र दुसऱ्या वर्षी पहिला स्नॅप घेतो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो दंगा होतो, तो पहिल्या दिवशी सुरुवातीच्या अकरात घातलेल्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय खेळायला मिळालं नाही म्हणून एखादा ट्रान्स्फर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत) गेला, तर तो किस्सा जन्मभर पुरतो. तेव्हा त्याला एडिट करून परत आणायचा मोह टाळ.

पोझिशन वाटताना सगळ्यांना क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर व्हायचं असतं. एकाला तरी ऑफेन्सिव्ह लाइनवर घाल. लेफ्ट टॅकल, ६ फूट ५ इंच, ३१० पाउंड, नंबर ५० ते ७९ च्या दरम्यान, कारण लाइनवरच्यांना त्याच पट्ट्यातले नंबर असतात. त्याचं नाव स्कोअरबोर्डवर कधी येणार नाही, पण तुझा पॉकेट पासर उभा राहतो तो त्याच्याच जिवावर. पर्ड्यूचं खरं २०२४ चं वर्ष १ विजय आणि ११ पराभव असं गेलं, त्यामुळे त्या टीममध्ये चांगला लाइनमन आणणं हे सगळ्यात मोठं योगदान ठरेल. दुसऱ्याला लाइनबॅकर कर. 'आपल्यातलं कोण तिथे खेळलंय?' असं तो म्हणाला तर ब्रँडन चिलरचं नाव सांग. वडील भारतीय, कॉलेज यूसीएलए, आणि पुढे एनएफएलमध्ये रॅम्स व पॅकर्सकडून लाइनबॅकर म्हणून खेळला. तिसऱ्याला किकर करायची गंमत एकदाच येते. आपल्याला क्रिकेटमुळे वाटतं की एका फटक्यावर सामना जिंकणारा म्हणजे हिरो, पण उरलेल्या तीन तासांत त्याला काही कामच नसतं.

नावांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. समालोचक ठरावीक रेकॉर्ड केलेली आडनावंच उच्चारतात. क्रिस फाउलरच्या तोंडून आपली आडनावं ऐकायची आशा धरू नकोस. ती यादीत नसली की तो नंबरावर किंवा पोझिशनवर भागवतो. म्हणून नंबर विचार करून दे, सामनाभर तुझा मित्र त्याच नंबराने ओळखला जाणार आहे. चेहरा, केस, दाढी यांवर तासभर घालवू नकोस. हेल्मेटमधून काही दिसत नाही. त्यापेक्षा बाह्या, टॉवेल, मोजे यांत फरक ठेव, लांबच्या कॅमेऱ्यातून माणूस त्यावरूनच ओळखू येतो.

चौघांवर न थांबता अख्खी टीमच आपल्या लोकांची हवी असेल, तर टीमबिल्डर वापर. ते ब्राउझरवर चालतं. गणवेश, लोगो आणि पूर्ण रोस्टर (खेळाडूंची यादी) तिथे तयार करता येतो, नावं आणि रेटिंगही बदलता येतात, आणि डायनॅस्टी सुरू करताना ती टीम एखाद्या खऱ्या टीमच्या जागी बसवायची. त्यात खरे खेळाडू नसतात, म्हणून कुलपाचा प्रश्नच येत नाही. कोणाचा तरी ट्रेडमार्क असलेला लोगो मात्र लावू नकोस, काढला जातो. आणि इथेही तोच मोह होतो. ८५ जणांचा रोस्टर, सगळे नव्वदीत. तसं केलंस तर तू पुन्हा दोन महिन्यांनी इथेच येऊन कंटाळ्याबद्दल विचारशील. सुरुवातीचा रोस्टर तळाच्या टीमइतका ठेव, मग रिक्रूटिंगला अर्थ राहतो.

तुमची डायनॅस्टी ऑनलाइन आहे की एकाच एक्सबॉक्सवर आळीपाळीने खेळताय, आणि आवृत्ती २५ की २६, एवढं कळव. त्यावरून एडिटिंगच्या सेटिंगचं नेमकं सांगता येईल. आणि लेफ्ट टॅकल व्हायला कोण तयार झालं तेही सांग.